फोर बाय फोर टाकूनही गाडी घसरते, रुतते? विंटर टायर मागवण्याआधी हे तपासा

लक्षणं

यातलं काय तुमच्या गाडीला होतंय, ते आधी बघा.

- ओल्या काळ्या रानात फोर टाकून रेस दिली की पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं जागेवर फिरतात. बाकीची दोन मुकाट उभी राहतात.
- पाणंदीत थोडं पुढं गेलं की टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि चाकाला चिखलाचा जाड थर चढतो. स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते.
- डांबरी रस्त्यावर फोरमध्ये वळताना खालून कट-कट आवाज येतो, स्टेअरिंग जड होतं, आणि लिव्हर टूमध्ये आणली तरी फोरचा दिवा विझत नाही.
- डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवेचा इशारा देणारा दिवा लागतो आणि उन्हं वर आली की आपोआप जातो.
- हिमाचलला बर्फात नेली तर चढ मजेत चढली, पण उतारावर ब्रेक मारल्यावर थांबेना.

परभणीत जिंतूर रोडकडे माझं टायरचं दुकान आहे. मृगाच्या पावसापासून ऊस कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत ही तक्रार इतक्या वेळा येते, की गाडी दुकानासमोर उभी राहिली की मी हवेचं मीटर हातात घेऊनच बाहेर येतो. गेल्या दोन-तीन वर्षांत तिला नवं शेपूट लागलंय. "दाजी, फोर टाकलं तरी गाडी जागीच फिरायली. पोरगं म्हणायलंय विंटर टायर बसवा, त्याला बर्फातबी पकड असती. मग चिखल काय चीज हाय?"

पोराचा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. तो कुठे चुकतो ते पुढे टायरच्या जातीपाशी सांगतो. तिथे पोचायच्या आधीच बऱ्याच जणांची गाडी चालू लागलेली असते, म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी.

फोर खरंच लागतंय का?

हसू नका. दरवर्षी दोन-चार गाड्या अशा येतात, ज्यांच्यात लिव्हर फोरवर असते, पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाही. जुन्या जिप्सीला, महिंद्राच्या जुन्या जीपना पुढच्या चाकांच्या हबवर हातानं फिरवायचं लॉक असतं. ते मोकळं राहिलं तर आत लिव्हर कितीही ओढा, पुढचं चाक नुसतं ओझं म्हणून सोबत येणार. काही गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर होतं आणि त्याची रबरी नळी उंदरानं कुरतडलेली मी पाहिली आहे. गाडी शेतातल्या शेडमध्ये, शेजारी सोयाबीनची पोती, मग उंदराला तरी काय दोष द्यायचा?

तपासायचं कसं? भुसभुशीत मातीत किंवा खडीवर गाडी उभी करा, फोर टाका, आणि बाजूला लांब उभ्या माणसाला पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. हळू क्लच सोडल्यावर पुढचं चाक माती मागे फेकतंय का? फेकत असेल तर फोर लागतंय. गाडी जॅकवर चढवून गिअर टाकून हे बघू नका. उरलेली चाकं जमिनीला टेकलेली असतील तर गाडी जॅकवरून उडी मारते.

दोनच चाकं का फिरतात, तेही इथेच सांगतो, कारण "गाडी खराब दिली" म्हणून शोरूमशी भांडून आलेले लोक असतात. फोर टाकल्यावर ताकद पुढच्या आणि मागच्या धुऱ्याला वाटली जाते. पण प्रत्येक धुऱ्यात डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी आहे, आणि साधं डिफरन्शियल ज्या चाकाला अडथळा कमी, त्यालाच फिरवत बसतं. गाडी बिघडलेली नाही, ती बनवलीच तशी आहे. नव्या गाड्या घसरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावून हे सांभाळतात, तर काहींना मागे डिफरन्शियल लॉक असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते हातपुस्तिकेत बघा. हातपुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली, असतेच.

हवा

दुसरी तपासणी, तीही फुकट. पेट्रोल पंपावरचं मीटर भरवशाचं नसतं, तेव्हा आपलं एक छोटं मीटर गाडीत असू द्या.

पहाटे दिवा लागण्याचं कारण बहुतेक वेळा पंक्चर नसतं. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, मीटरवरचा आकडा) कमी भरते. परभणीत मे महिन्याच्या दुपारी ४२-४३ अंशांत भरलेली ३३ हवा डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकड्यात आल्यावर २७-२८ दाखवते. टायर तोच आणि वॉल्वही तोच, हवा फक्त आकसली. म्हणून थंडीच्या सुरुवातीला, गाडी रात्रभर उभी असताना, दरवाज्याच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरा. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडून आकडा जुळवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कमीच दिसणार. आणि नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. (हे सांगितल्यापासून माझे एक शेजारी दुकानदार माझ्याशी फारसं बोलत नाहीत.)

चिखलासाठी गणित उलटं. रानात शिरताना ३२ ची हवा २० पर्यंत उतरवली की टायर जमिनीला जास्त लांब टेकतो, वजन पसरतं, आणि गाडी मातीत खुपसण्याऐवजी वरवर चालते. माझ्याकडे आलेल्या रुतण्याच्या तक्रारींत पुष्कळ वेळा एवढ्यावरच काम भागलं. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिम सोडतो. आणि परत डांबराला लागल्यावर पंपापर्यंत ४० च्या आत चालवा. कमी हवेवर पळवलेला टायर आतून तापून फाटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवलात तर पंप शोधायची वेळच येत नाही.

खाच, वय आणि चारही सारखे आहेत का

टायरच्या खाचेत काडीपेटीची काडी उभी घाला, नखानं खूण करा, पट्टीवर मोजा. नव्या टायरची खाच ८ मिलिमीटरच्या आसपास असते. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यासाठी खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. पण आरटीओला चालतं ते काळ्या मातीला चालतं असं नाही. ४ च्या खाली गेलेल्या टायरवर मी पावसाळ्यात रानात गाडी घालणार नाही, बर्फात तर नाहीच.

वय बघायला टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे जीप वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते आणि उरलेला वेळ उन्हात उभी असते. खाच नवी आणि रबर दगड झालेलं, असे टायर मी रोज बघतो. बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर खाच मोजायचंही कारण नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन टायर गेले म्हणून दोनच बदलले. टू व्हील ड्राइव्हला हे चालून जातं, पण फोर बाय फोरला नाही. हिशेब करून दाखवतो. २३५/६५ आर १७ या मापाच्या टायरचा घेर २,३१६ मिलिमीटरच्या आसपास आहे. मागे नवे, ८ मिलिमीटर खाचेचे. पुढे जुने, ३ मिलिमीटरचे. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात ३१ मिलिमीटरचा. किलोमीटरभर अंतरात पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे सहा फेरे जास्त मारणार. रानात माती सरकते आणि तो फरक गिळते. डांबर सरकत नाही. ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मधलं डिफरन्शियल नसतं, म्हणजे थार, जिप्सी, जिम्नी यांसारख्या, त्यांत फोर टाकलं की हे जादा फेरे ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, पीळ होऊन साठतात. वळणावर तर चारही टायर सारखे असतानासुद्धा पीळ बसतो, कारण पुढची चाकं मोठा फेर घेतात. लक्षणांतली ती कट-कट आणि न विझणारा दिवा म्हणजे हाच पीळ.

उपाय साधा आहे. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, दिवा जातो. आणि कोरड्या डांबरावर फोर टाकू नका. "हायवेला पकड मिळावी म्हणून" परभणीपासून नांदेडपर्यंत फोरमध्ये गेलेले एक काका माझ्याकडे आले होते. पकड किती मिळाली ते काकांनी सांगितलं नाही, गिअरच्या बिलाबद्दल मात्र बरंच बोलले.

टायरची जात

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी गाडी घसरत असेल, तर प्रश्न टायरच्या जातीचा.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचेत बसते आणि सुटत नाही. दहा-बारा फेऱ्यांत खाच बुजली की टायर नवा असो की जुना, त्याचा गोटा झाला. म्हणजे या मातीत टायरनं करायचं काम एकच, आत शिरलेली माती बाहेर फेकणं. त्यासाठी खाच रुंद हवी आणि ठोकळे लांब लांब हवेत. ट्रॅक्टरचं मागचं चाक बघा, दोन पट्ट्यांमध्ये किती मोकळी जागा सोडलेली असते!

बर्फाचं काम बरोबर उलटं आहे. बर्फ बर्फाला धरतो. लहानपणी चित्रात पाहिलेला बर्फाचा गोळा कसा लोळता लोळता मोठा होत जातो, तसं. म्हणून विंटर टायरच्या ठोकळ्यांवर सुरीनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांत बर्फ अडकावा आणि अडकून राहावा, हाच त्यांचा उद्देश. तोच टायर पाथरीच्या रानात घातला, तर त्या चिरांत बर्फाऐवजी काळी माती अडकून राहणार. जे तिथं गुणाचं, ते इथं घाताचं. पोराचा हिशेब इथे चुकतो.

दुसरी गोष्ट रबराची. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, कारण साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. आपल्याकडे पारा तेवढा उतरला तरी तो पहाटेचे दोन तास. जानेवारीच्या दुपारीही २८-३० अंश असतात. तापलेल्या डांबरावर मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेते. तेव्हा मराठवाड्यात वापरायच्या गाडीला विंटर टायर नको. एवढं सांगूनही मागवायचे असतील तर मी मागवून देतो, पैसे तुमचे.

मग घ्यायचा कुठला? एचटी टायर हायवेसाठी. आवाज कमी, ओल्या डांबरावर ब्रेक चांगला, चिखलात शून्य. एमटी चिखलासाठी. रानात राजा, पण डांबरावर घोंघावतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना भरवसा नाही, कारण जमिनीला टेकणारं रबरच कमी. एटी दोन्हींच्या मधला. माझं मत असं, की महिन्यातून चार-सहा वेळा शेतात आणि बाकी रस्त्यावर असेल तर एटी घ्या आणि हवा उतरवायला शिका. रोज रानातच असाल तरच एमटी.

जमीन कुठली तेही बघा. गोदावरीकाठी, पाथरी-मानवत-गंगाखेड पट्ट्यात काळी माती खोल आहे, तिथे गाडी वर तरंगली पाहिजे, म्हणजे हवा कमी आणि टायर थोडा रुंद असेल तर बरं. बालाघाटाच्या डोंगराकडे, पाटोदा-आष्टीच्या बाजूला मातीचा थर उथळ, खाली मुरूम. तिथे कंपनीनं दिलेला अरुंद टायर चिखल कापत मुरमाला टेकतो आणि चालू लागतो. जुन्या बैलगाडीचं धाव चढवलेलं अरुंद चाक हेच करायचं. एकाच्या गाडीला शोभला म्हणून तिकडच्या माणसानं इकडचा टायर उचलू नये.

माप बदलू नका. बदललंच तर वजनाचा आकडा कमी होऊ देऊ नका. मापापुढे १०४ लिहिलं असेल तर तो टायर ९०० किलो पेलतो. खताच्या पिशव्या, पाईपचे बंडल आणि सात माणसं भरणाऱ्या गाडीत हा आकडा नक्षीपेक्षा मोलाचा आहे.

आणि खरंच बर्फात जायचं असेल तर

डिसेंबरात मनालीला, अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला स्वतःची गाडी घेऊन जाणारी मंडळी आता आपल्याकडेही वाढलीत. टायरवर एम+एस लिहिलंय म्हणजे बर्फाचा टायर झाला, असं त्यांना सांगितलेलं असतं. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण हे अक्षर कंपनी नक्षी बघून स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची पाकळी असं चित्र असतं. ते चित्र असलेले एटी टायरही मिळतात. इथून दीड-दोन हजार किलोमीटर उन्हातल्या हायवेनं जाऊन चार दिवस बर्फात चालवायचं असेल, तर माझ्या मते तेच बरे. आठ-पंधरा दिवस आधी सांगा, असे टायर दुकानात पडून नसतात.

घ्याल तर चारही घ्या. पुढे दोनच बसवले तर वळणावर पुढचा भाग धरतो आणि मागचा फिरून पुढे येतो.

चढ चढली पण थांबेना, याचं कारणही यातच आहे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला ओढतं. थांबवायला मात्र सगळ्या गाड्यांना चारच ब्रेक आणि चारच टायर. त्यामुळे फोरवाला चढ सहज चढतो, त्याला वाटतं रस्ता चांगला आहे, आणि उताराला ते खोटं ठरतं. उताराला फोर लो (फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा टप्पा), पहिला गिअर, ब्रेकवर पाय अगदी हलका. लोखंडी चेन तिकडे भाड्यानंही मिळतात, पण बसवायचा सराव इथे दारात एकदा करून जा. तिथे बोटं बधिर झालेली असतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टायरच्या बाजूला फुगा आला असेल किंवा बाजूच्या भिंतीला चीर असेल तर पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून घेऊ नका. तो टायर संपला. स्टेपनी चढवा.

रिव्हर्स घेऊनही फोरचा दिवा जात नसेल, किंवा टूमध्येसुद्धा खालून धातूचा आवाज येत असेल, तर गाडी पळवू नका. ट्रान्स्फर केस उघडणं टायरवाल्याचं काम नाही, माझंही नाही. ज्यानं त्या गाडीची केस आधी उघडलेली आहे असा मिस्त्री गाठा.

ओढ्याच्या पाण्यातून हबच्या वर पाणी लागेल अशी गाडी काढली असेल तर आठवड्याच्या आत धुऱ्याचं तेल बघायला सांगा. चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, तेल लगेच बदला.

अलाइनमेंट दोनदा करूनही टायर एकाच बाजूनं झिजत असेल तर तिसऱ्यांदा करणाऱ्याला पैसे देऊ नका. बुश, बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग गेलंय, ते गॅरेजचं काम.

डोंगरात रस्ता नुसता ओला दिसतोय, पण पाय ठेवल्यावर सटकतोय, तर तो बर्फाचा पारदर्शक पापुद्रा आहे. त्यावर एटी, एमटी सगळे सारखेच. गाडी बाजूला लावून ऊन पडेपर्यंत थांबा, किंवा तिथलाच ड्रायव्हर घ्या. यात कमीपणा नाही. आपल्या पाणंदीत तो आला तर आपल्यालाच हाक मारणार आहे.

आणि रानात गाडीचं पोट मातीला टेकलं की रेस बंद करा. चाकं अधांतरी झाली की जितकी फिरवाल तितकी ती खड्डाच करतात. फावड्यानं पोटाखालची माती काढा, चाकापुढं पळाट्या नाहीतर तुराट्या टाका, मगच ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. टोचन करताना दोर कंपनीनं दिलेल्या हुकलाच बांधा आणि दोराच्या लांबीइतकी माणसं दूर ठेवा. बंपरला बांधू नका. तसे उपटून आलेले दोन बंपर माझ्या शेडमागे अजून पडलेत, मालक न्यायला आलेले नाहीत.